आठ पौंडांची गिटार आणि अर्धवट राहिलेला प्रबंध

(मंचाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. काही सभासदांच्या विनंतीवरून इथे देत आहोत.)



आपल्या सभांमध्ये एरवी शेतीचे प्रश्न असतात, जातिअंताची चर्चा असते, शिक्षण असतं, विज्ञान आणि अंधश्रद्धा असते. मी रॉक गिटारवादकावर बोलणार म्हटल्यावर संयोजकांपैकी एका ताईंनी हळूच विचारलं, "हे आपल्या मंचावर बसतं का गं?" प्रश्न रास्त आहे. अर्ध्या तासाने तो तुम्हीच ठरवा.

गिटारवादकाचं नाव ब्रायन मे. 'क्वीन' या ब्रिटिश बँडचा तो गिटारवादक. नाव ऐकलं नसलं तरी त्याचं एक गाणं या सभागृहातल्या प्रत्येकाने ऐकलं आहे. स्टेडियममध्ये हजारो लोक दोनदा पाय आपटतात आणि एकदा टाळी वाजवतात, ते 'वी विल रॉक यू' त्याने लिहिलं. आपल्या मुलांना ते पाठ असतं.

मला मात्र तो आधी भेटला एका शोधनिबंधात. मी प्रकाशाच्या वर्णपटावर काम करते. जुने संदर्भ चाळताना 'नेचर' या शोधपत्रिकेत १९७२ साली आलेला एक छोटा लेख हाती लागला. रात्रीच्या आकाशाच्या वर्णपटात दिसणाऱ्या मॅग्नेशियमच्या रेषेबद्दल तो होता. तीन लेखकांपैकी मधलं नाव बी. एच. मे. हा 'मे' आणि तो 'मे' एकच, हे कळल्यावर मी त्याच्याबद्दल वाचत गेले. आज सांगायचं आहे ते एवढंच, की डोक्याने करायचं काम आणि हाताने करायचं काम, व्यवसाय आणि छंद, शास्त्र आणि कला अशा ज्या भिंती आपण घराघरांत बांधून ठेवल्या आहेत, त्या या माणसाच्या आयुष्यात कशा टिकल्या नाहीत. आणि त्या मोडताना त्याच्या घरात किती त्रास झाला, तेही.

ब्रायनचा जन्म १९ जुलै १९४७ चा, लंडनच्या पश्चिम टोकाला हॅम्प्टन इथला. आईवडिलांचा एकुलता एक. वडील हॅरल्ड सरकारी विमान खात्यात ड्राफ्ट्समन होते आणि इलेक्ट्रॉनिक्सचे चांगले जाणकार. पगार बेताचा. घरात काही मोडलं तर दुकानात न नेता स्वतः दुरुस्त करायचं, ही सवय. ते बँजोसारखं एक छोटं वाद्य वाजवायचे, त्यावरच्या सुरावटी त्यांनी मुलाला शिकवल्या. सातव्या वाढदिवसाला ब्रायनला साधी लाकडी गिटार मिळाली.

पुढे त्याला इलेक्ट्रिक गिटार हवी झाली. अमेरिकन फेंडर गिटारची किंमत या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा बापलेकांनी ठरवलं, आपणच करू. १९६३ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झालं आणि सुमारे दोन वर्षं चाललं. हत्यारं सगळी हाताची.

एका ओळखीच्या घरातून जुन्या शेकोटीची महोगनी चौकट टाकून देणार होते. त्या लाकडातून गिटारची मान कोरली. लाकूड किडीने पोखरलेलं होतं, तर त्या भोकांत काडेपेटीच्या काड्या ठोकून ती बुजवली. अंगासाठी एका जुन्या टेबलाचं ओक लाकूड घेतलं. मानेवर ठिपके असतात ना, सूर कुठे आहे ते कळायला, त्यासाठी आईच्या शिवणाच्या पेटीतली शिंपल्याची बटणं घासून बसवली.

सर्वात अवघड भाग ट्रेमोलोचा. तारांचा ताण क्षणभर सैल करून सूर हेलकावायची ही एक दांडी असते. त्या वेळच्या गिटारींत ती वापरली की वाद्य बेसूर व्हायचं, कारण तारा परत मूळ जागी नीट यायच्या नाहीत. या दोघांनी ओळखलं, की मुद्दा घर्षणाचा आहे. म्हणून त्यांनी सगळी यंत्रणा सुरीच्या पात्यासारख्या पोलादी धारेवर तोलली, अगदी तराजूच्या दांडीसारखी. तारांच्या ताणाला तोल म्हणून जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या दोन स्प्रिंगा लावल्या. तारा जिथे टेकतात तिथे छोटी फिरती चाकं बसवली. ट्रेमोलोची दांडी सायकलच्या सीटमागची पिशवी अडकवायच्या सळईची, आणि तिचं टोक आईच्या विणायच्या सुईचं.

तारांखालची चुंबकं आणि तांब्याच्या तारेची वेटोळीही त्याने आधी घरीच बनवली. पण तार बाजूला ओढली की खरखर यायची. तेव्हा ती काढून बाजारातले तीन पिकअप आणून बसवले. प्रत्येकाला दोन बटणं दिली. एक चालू-बंदचं. दुसऱ्याने त्या पिकअपची लहर उलटी करता येते, म्हणजे दोन पिकअपांच्या लहरी एकमेकींत मिळवायच्या की एकमेकींतून वजा करायच्या, ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. व्यतिकरणाचा धडा आपण अकरावी-बारावीत पाठ केला. या मुलाने तो गिटारमध्ये बसवला.

एकूण खर्च सुमारे आठ पौंड. 'रेड स्पेशल' नावाची ही गिटार साठ वर्षं झाली तरी तो वाजवतो आहे. पिकच्या जागी सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो.

इथे थोडं थांबते आणि आपल्याकडे वळते.

आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलआधी मागच्या वर्षीचं जर्नल हातात यायचं. उत्तर किती यायला हवं ते माहीत असायचं, मग रीडिंग्ज त्याला जुळवून लिहायची. स्पेक्ट्रोमीटर बिघडला तर त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. तो जुळवायचे प्रयोगशाळेतले मामा. त्यांना त्या यंत्राचा प्रत्येक स्क्रू ठाऊक होता, आमच्या काही प्राध्यापकांपेक्षा जास्त. पण मामा म्हणजे शिपाई. त्यांना कोणी 'सर' म्हटलं नाही, आणि त्यांच्याकडून शिकावं असं आम्हाला कोणी सुचवलं नाही.

याला नुसता आळस म्हणून चालणार नाही. सुतार, लोहार, तांबट, चांभार यांच्या हातात कसब आहे, म्हणून त्यांच्या हाती पुस्तक द्यायचं नाही. आणि ज्यांच्या हाती पुस्तक आहे त्यांनी हत्याराला शिवायचं नाही. ही वाटणी आपल्या समाजाने शतकानुशतकं पाळली. त्यात कारागिरावर अन्याय झालाच, पण ज्ञानाचंही नुकसान झालं. करणारा लिहीत नव्हता आणि लिहिणारा करत नव्हता. इंग्लंडात सगळं सुरळीत होतं असं मी म्हणत नाही. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची ग्रामर स्कूल आणि इतर शाळा अशी वाटणी तिथेही होत होती, आणि त्या चाळणीत कामगारांची मुलं मोठ्या संख्येने मागे पडत होती. ब्रायन ग्रामर स्कूलमध्ये गेला, हे त्याचं नशीब. पण त्याच्या घरात ड्राफ्ट्समन बाप रंधा हातात धरत होता आणि घर्षणाचा विचारही करत होता. आईची शिवणाची पेटी त्या कामातून वगळलेली नव्हती. माझ्या आईच्या आणि आजीच्या हातांत भूमिती होती, तिला आमच्या घरी कोणी भूमिती म्हटलं नाही.

शाळा संपल्यावर ब्रायन लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकायला गेला. १९६८ साली पदवी घेतली आणि १९७० पासून तिथेच पीएच.डी.चं काम सुरू केलं. विषय होता सूर्याभोवतीची धूळ.

तो विषय दोन मिनिटांत सांगते. अगदी काळोख्या जागी, संध्याप्रकाश मावळल्यावर पश्चिमेला किंवा पहाट फुटण्याआधी पूर्वेला, क्षितिजावरून वर निमुळता होत जाणारा एक फिकट उजेड दिसतो. फारसी परंपरेत त्याला 'खोटी पहाट' असं नाव होतं. ग्रह ज्या पातळीत फिरतात, त्याच पातळीत पसरलेल्या बारीक धुळीवरून विखुरलेला तो सूर्यप्रकाश. प्रश्न असा, की ही धूळ फिरते कशी? ग्रहांच्याच दिशेने, की उलट, की बाहेरून आत येते? हे कळायला त्या उजेडाचा वर्णपट घ्यायचा. सूर्याच्या वर्णपटात मॅग्नेशियमची एक काळी रेषा हिरव्या रंगात असते. धूळ आपल्याकडे येत असेल तर ती रेषा किंचित निळ्याकडे सरकते, दूर जात असेल तर तांबड्याकडे. ट्रेन जवळ येताना आणि लांब जाताना शिट्टीचा सूर बदलतो, तेच तत्त्व.

हे सरकणं अतिशय सूक्ष्म असतं. त्यासाठी लागणारं उपकरण जोडून, ते टेनेरिफे बेटावरच्या डोंगरावर नेऊन, रात्र रात्र जागून ब्रायनने मोजमापं घेतली. धूळ मुख्यतः ग्रहांच्याच दिशेने फिरते, असं त्यातून दिसत होतं. १९७२ आणि १९७४ साली त्यावर शोधनिबंध निघाले. फावल्या वेळात तो दक्षिण लंडनमधल्या एका शाळेत गणितही शिकवत होता.

आणि संध्याकाळी गिटार. १९६८ मध्ये कॉलेजातच त्याने 'स्माइल' नावाचा बँड काढला होता. ड्रमर रॉजर टेलर, तो दंतवैद्यकाचा विद्यार्थी. त्यांच्या गायकाचा आर्ट कॉलेजातला एक मित्र या बँडच्या मागेपुढे असायचा. या मुलाची गोष्ट आपल्याला जवळची आहे. त्याचं नाव फारोख बुलसारा. जन्म झांझिबारचा, घर पारशी, आणि शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथे त्याने पियानो वाजवत शाळकरी मुलांचा 'हेक्टिक्स' नावाचा बँड केला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली, जीव मुठीत धरून हे कुटुंब लंडनला आलं आणि फेल्टममध्ये राहू लागलं. मे कुटुंबही तेव्हा फेल्टमलाच, चालत जाण्याइतकं जवळ. एका घरात मुलगा गिटार घडवतो आहे, पलीकडच्या रस्त्यावर निर्वासित घरातला मुलगा गाणी ऐकतो आहे, आणि दोघांची ओळख नाही. ती पुढे कॉलेजच्या वयात झाली. १९७० मध्ये फारोख बँडचा गायक झाला, त्याने बँडचं नाव 'क्वीन' ठेवलं आणि स्वतःचं फ्रेडी मर्क्युरी. आपण परदेशात राहणारी माणसं आहोत. आपल्या मुलांच्या दोन रस्ते पलीकडे कोण राहतं, हे आपल्याला तरी कितपत माहीत असतं?

क्वीनची पहिली तबकडी १९७३ मध्ये आली. १९७४ मध्ये बँडला इंग्लंडभर नाव मिळालं, अमेरिकेचा दौरा ठरला. प्रबंध बराचसा लिहून झाला होता, पण पुरा नव्हता. ब्रायनने प्रबंध बाजूला ठेवला.

आता हॅरल्ड यांच्या बाजूने विचार करा. ज्या बापाने दोन वर्षं मुलाबरोबर लाकूड घासलं, त्यानेच ही गिटार घडवली होती. पण ती छंद म्हणून. डॉक्टरेट दारात उभी असताना मुलगा पॉप संगीतात जातो, हे त्यांना सहन होईना. आपण जे शिक्षण मिळवू शकलो नाही ते मुलाला मिळावं म्हणून त्यांनी काटकसर केली होती. बापलेकांत बराच काळ दुरावा राहिला. आपल्यातल्या किती घरांत हा प्रसंग वेगळ्या नावांनी घडतो, हे मी सांगायला नको. मुलांना तबला, पियानो, चित्रकला शिकवायला आपण दर शनिवारी गाडीने नेतो. अट एकच, की त्यांनी ते फार मनावर घेऊ नये.

पुढे क्वीनचा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्यक्रम होता. ब्रायनने आईवडिलांना काँकॉर्ड विमानाने तिथे नेलं. हॅरल्ड यांनी नोकरीत काँकॉर्डच्या यंत्रणेवर काम केलं होतं, पण त्यात बसायची ऐपत त्यांची कधी नव्हती. त्या रात्री हजारो माणसांपुढे घरची गिटार वाजताना पाहून वडील म्हणाले, की आता मला समजलं. ब्रायनने हे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. ऐकायला गोड वाटतं, पण मला त्यात एक सल दिसतो. मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरलं नसतं तर? मुलाचं म्हणणं समजायला बापाला एवढा मोठा पुरावा का लागावा?

त्याच्या संगीतात त्याचं शास्त्र कुठे दिसतं? पुष्कळ ठिकाणी. सुरुवातीच्या तबकड्यांच्या वेष्टणावर सिंथेसायझर वापरलेला नाही, असं हे लोक मुद्दाम छापत. ऐकणाऱ्याला वाटे यंत्र आहे, आणि असे फक्त एकाच गिटारचे एकावर एक चढवलेले थर. १९७५ च्या 'गुड कंपनी' या गाण्यात तर गिटारमधूनच अख्खा जुना जॅझ बँड उभा केला आहे, क्लॅरिनेट, ट्रम्पेट सगळं. १९७७ च्या 'वी विल रॉक यू'च्या वेळी मोठ्या जमावाचा आवाज हवा होता आणि स्टुडिओत माणसं मोजकी. त्यांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटून, टाळ्या वाजवून ते पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केलं आणि प्रत्येक आवृत्ती थोडी थोडी उशिरा सोडली. किती उशिरा? ब्रायनने ती अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली. अंतरं साध्या पटीत असती तर कानाला प्रतिध्वनी कळला असता. मूळ संख्यांमुळे ताल जुळत नाही, आणि आपण मोठ्या गर्दीत उभे आहोत असा भास होतो. गणिताची ही गंमत वर्गात सांगितली तर मूळ संख्या कशाला शिकायच्या, असं कोणतंही मूल विचारणार नाही.

त्याचं आणखी एक गाणं मला आपल्यासाठी महत्त्वाचं वाटतं. 'थर्टी नाइन', १९७५ चं. चाल लोकगीतासारखी, विषय आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा. काही लोक नवी जमीन शोधायला अवकाशात जातात. त्यांच्या हिशेबाने वर्षभरात परततात. पृथ्वीवर मात्र शंभर वर्षं उलटलेली असतात, त्यांची माणसं राहिलेली नसतात. आपण दोन-तीन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी गावी जातो. आपल्या लेखी काल गेलो होतो. तिथे मात्र बाबांच्या हातात काठी आलेली असते. हे गाणं खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याने लिहिलं आहे, पण ते परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

हे सगळं ऐकून त्याची आरती करायची नाही. व्यक्तिपूजेला आपल्या मंचाचा विरोध आहे आणि तो इथेही लागू आहे. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये, दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट असताना आणि जगभरच्या कलावंतांनी तिच्यावर बहिष्कार टाकलेला असताना, क्वीनने तिथल्या सन सिटीत कार्यक्रम केले. आम्ही राजकारणी नाही, आम्ही सगळ्या वर्णांच्या लोकांसमोर वाजवतो, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेने त्यांना दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव गेलं. 'आम्ही फक्त आमचं काम करतो' हा युक्तिवाद वादक करतात तसे शास्त्रज्ञही करतात. तो तेव्हा टिकला नाही, आजही टिकत नाही. २००३ मध्ये केपटाउनला नेल्सन मंडेलांच्या एड्सविरोधी मोहिमेच्या मोठ्या कार्यक्रमात ब्रायन आणि रॉजर टेलर पुढाकाराने उभे राहिले, हेही सांगायला हवं. पण त्याने १९८४ पुसलं जात नाही. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवायच्या.

१९८५ च्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमाने क्वीनची कीर्ती शिखरावर गेली. त्यानंतरची वर्षं ब्रायनला फार कठीण गेली. १९८८ साली वडील वारले. त्याच सुमारास संसार मोडला. आणि २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी एड्सने गेला. ब्रायन नैराश्यात बुडाला, जगावंसं वाटेना, शेवटी त्याने रुग्णालयात राहून उपचार घेतले. हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. आपल्याकडे मधुमेह चारचौघांत सांगतात, नैराश्य मात्र सख्ख्या भावाला सांगत नाहीत. परदेशातल्या यशस्वी माणसाला तर ते सांगायची चोरीच. म्हणून ही नोंद मुद्दाम करते. फ्रेडीच्या आठवणीत उरलेल्या सोबत्यांनी एड्सविरोधी कामासाठी 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' काढला, तो आजही काम करतो.

आता प्रबंधाची गोष्ट. २००६ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, ब्रायन पुन्हा इम्पीरियल कॉलेजात दाखल झाला. मार्गदर्शक प्रा. मायकेल रोवन-रॉबिन्सन. नाव मोठं, पैसा अमाप, मानद पदव्या मिळत होत्याच. तरीही त्याला ही पदवी रीतसर हवी होती. सत्तरच्या दशकातल्या वह्या आणि मोजमापं त्याने जपली होती. पण तेवढं पुरेसं नव्हतं. मधल्या तीस वर्षांत या विषयात काय काय झालं ते सगळं वाचणं आणि त्यात आपलं काम कुठे बसतं ते दाखवणं भाग होतं. १९८३ साली अवकाशात गेलेल्या 'आयरास' दुर्बिणीने सौरमालेतल्या धुळीचे पट्टे दाखवले होते. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीही धुळीच्या तबकड्या सापडल्या होत्या. धुळीचा विषय नव्याने महत्त्वाचा झाला होता. धुळीच्या वेगाची मोजमापं मात्र या काळात फार कोणी घेतली नव्हती, म्हणून जुनी आकडेवारी अजून कामाची होती. २००७ च्या ऑगस्टमध्ये तोंडी परीक्षा झाली आणि मे २००८ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने पदवी घेतली.

आपल्यापैकी अनेकांनी पीएच.डी. केली आहे. मधली तीस वर्षं सोडा, तीन महिने सुटले तरी धागा सापडत नाही. साठीच्या उंबरठ्यावर, जगभर नाव झालेल्या माणसाने परीक्षकांसमोर बसून 'हे चुकलं आहे, पुन्हा लिहा' ऐकायची तयारी ठेवणं, याला मी वैज्ञानिक वृत्ती म्हणते. कीर्तीला शोधनिबंधात जागा नसते, हे त्याने मान्य केलं.

त्यानंतरही तो थांबला नाही. त्याला लहानपणापासून त्रिमिती छायाचित्रांचा नाद होता. दोन डोळ्यांसाठी दोन किंचित वेगळी चित्रं घ्यायची आणि भिंगांतून एकत्र पाहायची, की खोली दिसते. हाच नाद पुढे शास्त्राच्या कामी आला. 'न्यू होरायझन्स' यानाने १ जानेवारी २०१९ ला सूर्यमालेच्या कडेचा एक छोटा पिंड ओलांडला, तेव्हा त्याची त्रिमिती चित्रं करण्यात ब्रायन होता. बेन्नू या लघुग्रहाच्या मोहिमेतही तो त्या शास्त्रज्ञांबरोबर काम करत होता. यान उतरण्यासाठी सुरक्षित जागा शोधताना अशा चित्रांचा उपयोग झाला. २०२३ मध्ये त्या मोहिमेच्या प्रमुखांबरोबर त्याने बेन्नूच्या त्रिमिती नकाशांचं पुस्तक काढलं. छंद कुठे संपतो आणि संशोधन कुठे सुरू होतं?

एक वादाचा विषयही घेते. इंग्लंडमध्ये गायींना क्षयरोग होतो आणि बॅजर नावाचा बिळात राहणारा प्राणी तो पसरवतो, म्हणून २०१३ पासून सरकारने बॅजर मारायला सुरुवात केली. ब्रायन याविरुद्ध रस्त्यावर उतरला. स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या गटाने अनेक वर्षांच्या चाचणीनंतर २००७ मध्येच सांगितलं होतं, की बॅजर मारून हा रोग आटोक्यात यायला अर्थपूर्ण मदत होणार नाही. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र मारलेल्या भागात रोग घटल्याचं दिसलं, त्यामुळे वाद मिटलेला नाही. मला त्याची आवडलेली गोष्ट वेगळी. घोषणा देऊन तो घरी बसला नाही. डेव्हनमधल्या एका शेतावर, पशुवैद्य आणि शेतकऱ्याबरोबर, रोग गायीकडून गायीकडे शेणामार्फत कसा जातो, याचा माग काढण्याच्या कामात तो वर्षानुवर्षं गुंतला. २०२४ मध्ये बीबीसीने त्यावर माहितीपट दाखवला. त्याचे निष्कर्ष टिकतील की नाही ते पुढचे अभ्यास ठरवतील. पण ज्याच्याशी वाद आहे त्याच्या गोठ्यात जाऊन काम करणं, हे आपल्या चळवळींनीही शिकण्यासारखं आहे.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याने सांगितलं, की सौम्य झटका आला आणि डाव्या हातावरचा ताबा काही काळ गेला. गिटारवादकाचा डावा हात म्हणजे सूर शोधणारा हात. सुदैवाने पुन्हा वाजवता येऊ लागलं. ती बातमी वाचताना मला जाणवलं, की या माणसाचं सगळं शहाणपण त्या हातांतून आलं आहे. डोळ्यांनी वाचून तेवढं आलं नसतं.

मग आपण घरी जाऊन काय करायचं? मुलांना पीएच.डी. सोडून गिटार वाजवायला सांगा, असं मी म्हणत नाही. ब्रायनसारखं यश लाखात एकाला मिळतं, आणि त्याच्यामागे फुकट शिक्षण देणारं त्या काळचं ब्रिटिश सरकार होतं, हे विसरून चालणार नाही. मी दोनच गोष्टी सुचवते.

एक, घरात काही बिघडलं तर ते मुलांबरोबर उघडून बघा. मुलींबरोबरही. दुरुस्त नाही झालं तरी चालेल. प्लंबर आला तर मुलांना त्याच्या शेजारी उभं करा आणि त्याला त्याचं काम समजावून सांगायची विनंती करा. भारतात गेलात तर ज्याला आपण 'मामा' म्हणून चहा आणायला पाठवत होतो, त्याला काय काय येत होतं ते आठवा, आणि आपण देणग्या देतो त्या शाळांमध्ये संगणकांबरोबर एक सुतारकामाचं टेबलही असू द्या.

दुसरी गोष्ट हॅरल्ड मे यांच्याकडून. त्यांनी मुलाला दोन वर्षं दिली, आपली हत्यारं दिली, आपलं ज्ञान दिलं. त्याने त्याचं पुढे काय केलं, ते मात्र त्यांना बराच काळ झेपलं नाही. आपण मुलांना जे देतो ते एकदा दिलं की त्यांचं झालं. त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि ते आपल्याला समजायला स्टेडियम भरायची वाट पाहू नये.

हा विषय आपल्या मंचावर बसतो की नाही, ते आता चहाच्या वेळी मला सांगा.